झेंडूच्या ओळीतला अनोळखी वास

हिवरदरीच्या लोकांनी पहिल्याच दिवशी त्या यंत्राला ‘नाकाडं’ म्हणायला सुरुवात केली आणि ‘गंधवेधी’ हे त्याचं भारदस्त नाव माहितीपत्रकातच राहिलं. दुसऱ्याच्या शेतात नाक खुपसायची गावाला आधीपासून हौस होतीच, आता ती पगारी झाली, असं रोहिणी औटी म्हणायची. म्हणायचा तिला हक्क होता. नाकाडं गावात आणलं होतं तिनेच, आणि त्यासाठी अर्ध्या गावाशी भांडलीही होती.

दिसायला ते अगदीच साधं होतं. जेवणाच्या डब्याच्या झाकणाएवढी करडी पेटी, छातीएवढ्या उंचीच्या बांबूवर बसवलेली, वर पोस्टकार्डाएवढा सौरपट्टा. टोमॅटोच्या दर सोळा ओळींनंतर झेंडूची एक ओळ, आणि त्या झेंडूच्या ओळीत दर वीस पावलांवर एक नाकाडं. कुकडीच्या कालव्यालगतच्या अठरा शेतांत मिळून अशी चारशेच्या वर नाकाडी दिवसरात्र वास घेत उभी असायची.

गवत कापल्यावर जो हिरवा वास येतो तो आपल्याला ताजा वाटतो, छान वाटतो. खरं तर ती गवताची बोंब असते. अळीने पान कुरतडलं की झाड एक ठरावीक वास सोडतं, मावा लागला की निराळा, मुळाशी पाणी तुंबलं की आणखी निराळा. शेजारचं झाड तो वास ओळखतं आणि आपल्या पानांत आधीच कडू रसायनं भरू लागतं. अळीच्या अंगात अंडी घालणाऱ्या चिलटाएवढ्या गांधीलमाश्या त्याच वासाच्या मागावर येतात. शेतात हे बोलणं कायम चालू असतं, फक्त माणसाच्या नाकाला त्यातलं फारसं कळत नाही. नाकाड्याच्या पोटात चौसष्ट पातळ पापुद्रे होते. प्रत्येक पापुद्रा एका जातीच्या रेणूंनी फुगायचा, आणि कोणते पापुद्रे एकदम किती फुगले यावरून यंत्र वास वाचायचं. मग फोनवरच्या शेताच्या नकाशात तेवढ्या जागी रंग उमटायचा आणि खाली दोन ओळींचा सल्ला यायचा. इथे झेंडू दाट करा, फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग टोमॅटो सोडून झेंडूच्या कळ्यांवर अंडी घालेल. तिथे शेपू फुलावर येऊ द्या, त्याच्या फुलांवर येणाऱ्या माश्यांची पिल्लं मावा खातात. बांधाला मका लावा, पांढरी माशी अडेल. औषधाचा थेंब नाही, सगळं काम शेजाऱ्यांकडून.

‘शेजाऱ्यांकडून’ हे माणसांनाही लागू होतं. वारा बांध बघून वाहत नाही. एकाने औषध मारलं तर शेजारच्या तिघांच्या गांधीलमाश्या मरतात. म्हणून अठरा शेतांचा एकच गट होता आणि ‘फवारणीमुक्त’ हा शिक्काही सगळ्यांना मिळून एकच. प्रत्येकाच्या शेताचा नकाशा अठराही फोनवर दिसला पाहिजे आणि लाल, पिवळ्या, राखाडी प्रत्येक डागाचं कारण तिथेच लिहिलं पाहिजे, हा नियम रोहिणीने हट्टाने घालून घेतला होता. झाकायचं काही नसेल तर घाबरता कशाला, असं तिने तेव्हा भर बैठकीत सुनावलं होतं.

तिचा नवरा सोपान त्या बैठकीला आला नव्हता. बावीस वर्षं त्याने पाठीवर पंप घेऊन स्वतःच्या आणि लोकांच्या शेतांवर फवारण्या केल्या होत्या, तोंडाला रुमालसुद्धा न बांधता. बायको आता फुलं लावून अळ्या पळवणार म्हटल्यावर तो एक हंगामभर गाल फुगवून बसला. मग एका सकाळी त्याने झेंडूच्या कळीत वळवळणाऱ्या अळ्या पाहिल्या, शेजारचा टोमॅटो उलटापालटा करून पाहिला, तो स्वच्छ होता. घरी येऊन तो म्हणाला, “बरं हाये तुपलं फुलांचं दुकान.” आणि पंप माळ्यावर टाकला. त्याला सहा वर्षं झाली होती.

पंप गेला तरी सोपानचा मान काही कमी झाला नव्हता, कारण बांधणीत त्याचा हात धरणारा हिवरदरीत कुणी नव्हता. टोमॅटोचं झाड हातभर झालं की ते सुतळीने तारेला बांधावं लागतं. फास असा हवा की खोड जाड झालं तरी काचू नये आणि वारा आला तरी सुटू नये. सोपान चालता चालता असे फास टाकत जायचा, बोटांकडे न बघता. नव्या पोरांना शिकवायला लोक त्याला दुचाकीवर बसवून घेऊन जात.

त्या वर्षी चैत्रात उन्हाळी टोमॅटो बांधणीला आला आणि औटींच्या नकाशावर पहिला राखाडी डाग उमटला. राखाडी म्हणजे अनोळखी. वास आहे, पण तो कुठल्या किडीचा, रोगाचा, तहानेचा, हे यंत्राला ठाऊक नाही.

रोहिणीला आधी त्याचं कौतुकच वाटलं. नवीन कीड असेल तर ती आपल्याच शेतात आधी सापडावी, असा तिचा स्वभाव होता. चौथ्या ओळीत डाग दिसला तिथे तिने तुळशीची रोपं लावली, मधल्या मोकळ्या जागेत कोथिंबीर टाकली. दुसऱ्या दिवशी डाग नवव्या ओळीत. तिथे तिने शेपू वाढवला. तिसऱ्या दिवशी डाग चौदाव्या ओळीत आणि चौथ्या ओळीत काही नाही. भिंग घेऊन तिने पानं पालथी घातली. अंडं नाही, अळी नाही, जाळी नाही. कसली ही कीड, जी एका जागी बसतही नाही आणि खातही नाही, म्हणून ती चक्रावली.

आठव्या दिवशी सोपान पुतण्याच्या साखरपुड्याला मंचरला गेला आणि त्या दिवशी नकाशा धुतल्यासारखा स्वच्छ राहिला. तेव्हा तिने मागचे सगळे डाग पुन्हा एकेक करून पाहिले. डाग पहाटे उमटायचा, सोपान पहाटे शेतात असायचा. डाग त्या त्या ओळीत पुढे सरकायचा आणि सोपान ज्या ओळीत बांधणी करी तीच ती ओळ असे. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या गटात असाच राखाडी डाग आला होता, आणि तो निघाला होता चोरून मारलेल्या नव्या औषधाचा.

तिने माळ्यावर चढून पंप पाहिला. त्याच्यावर बोटभर धूळ होती. पण नवीन छोटे पंप कुठेही मिळत होते. शिवाय यंदा सोपान तिला पहाटे बरोबर येऊच देत नव्हता. तू झोप, मी बघतो, म्हणायचा. पस्तीस वर्षांच्या संसारात हे वाक्य त्याने कधी उच्चारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवताना तिने विचारलं, चोरून औषध मारताय का. सरळच विचारलं, कारण आडून विचारणं तिला जमत नसे. सोपानने हातातली भाकरी ताटात ठेवली, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, “तुला तसं वाटतं?” तो उठून गेला. पुढचे तीन दिवस तो तिच्याशी बोलला नाही, जे सांगायचं ते गोठ्यातल्या गाईला सांगायचा. गाई, आज मला जेवायला उशीर होईल. गाई, कालव्याला पाणी सुटलंय. रोहिणी आतून ऐकायची आणि तिला हसूही यायचं नि रडूही.

बाराव्या दिवशी ती त्याच्या मागोमाग शेतात गेली. फटफटायला लागलं होतं. मक्याच्या आडोशाने ती सोळाव्या ओळीपर्यंत आली आणि थांबली.

सोपान मातीत बसला होता. जवळ पंप नव्हता, बाटली नव्हती, होता तो फक्त सुतळीचा गुंडा. त्याने सुतळीचं एक टोक दातांत धरलं होतं आणि दुसरं टोक तो खोडाभोवती न्यायचा प्रयत्न करत होता. उजवा हात थरथरत होता. फास पडला, ओढताना सुटला. पुन्हा घातला, पुन्हा सुटला. चौथ्यांदा बसला तेव्हा त्याने ते झाड हाताने हलवून पाहिलं आणि तसाच बसल्या बसल्या पुढच्या झाडाकडे सरकला. त्याच्या डोक्यावर, झेंडूच्या ओळीत, नाकाडं आपलं काम करत उभं होतं. रोहिणीने फोन काढला. त्या जागी राखाडी डाग नुकताच उमटत होता.

ती तशीच मागे फिरली. घरी येऊन तिने चहाचं आधण ठेवलं आणि ते आटून गेलं तरी तिला कळलं नाही. आपण या माणसाला चोर ठरवलं, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

सकाळी तिने गार्गीला फोन लावला. गार्गी ढमाले ही नाकाडं बनवणाऱ्या प्रयोगशाळेतली तरुण संशोधक. गटाची अठरा शेतं तिच्याकडे होती आणि रोहिणीला ती काकू म्हणायची. रोहिणीने नाव न घेता विचारलं, की हे यंत्र झाडाऐवजी माणसाचा वास धरू शकतं का.

गार्गीने सांगितलं ते असं. पानांवर मेणाचा पातळ थर असतो. तो वाचण्यासाठी नाकाड्यात तीन पापुद्रे आहेत. माणसाच्या कातडीवरही तेलकट थर असतो, आणि त्यातले काही रेणू त्याच घराण्यातले. निरोगी माणसाचा वास यंत्र ओळखतं आणि सोडून देतं. पण मेंदूतल्या हालचालींच्या पेशी हळूहळू थकत जाण्याचा एक आजार आहे, हात थरथरतात, स्नायू ताठरतात. त्या आजारात कातडीचं तेल बदलतं, कधीकधी थरथर कुणाच्या लक्षात यायच्या कितीतरी आधी. काही माणसांच्या तीक्ष्ण नाकांनाही तो बदललेला वास आलेला आहे.

“काकू, मी डॉक्टर नाही,” गार्गी म्हणाली. “हे यंत्र टोमॅटोसाठी केलंय. पण तुम्ही त्यांना घेऊन पुण्याला जा. उशीर करू नका.”

डागाचं काय, हेही रोहिणीने विचारलं. पहिला राखाडी डाग उमटल्यापासून पंधरा दिवसांत कारण लिहिलं नाही की चौकशी लागायची आणि चौकशीत कारण कळलं नाही तर सगळ्या गटाचा शिक्का थांबायचा. हंगाम तोंडावर होता. गार्गीने खूप अवघडून सांगितलं, की आता डाग यायचा थांबला तरी आधीचे दिवस पुसता येत नाहीत. तिला कारण लिहावं लागेल आणि लिहिलं की ते अठराही फोनवर दिसेल. तो नियम काकूंनीच घातला होता. रोहिणीला नियम पाठ होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती उघडपणे त्याच्याबरोबर निघाली. त्याने गाईला काहीतरी सांगितलं, पण तिला अडवलं नाही. तो ओळीच्या एका बाजूला बसला, ती समोर दुसऱ्या बाजूला. तिने झाड धरलं, सुतळीचं टोक पलीकडून ओढून दिलं, त्याने फास टाकला. अशी दहा-बारा झाडं झाली.

“बघितलंस तर तू,” सोपान म्हणाला.

“कधीपासून?”

“दिवाळीपासून. आधी कप धरताना. मग हे.”

“मला सांगायचं नाही?”

“काय सांगू? सुतळी ऐकत नाय म्हणून?”

रोहिणीने मग त्याला सगळं सांगितलं, डागाचं, गार्गीचं. आणि आपण त्याच्यावर नको तो संशय घेतला, त्याची माफी मागितली. सोपान बराच वेळ सुतळीचा गुंडा हातात फिरवत राहिला. त्याला राग आला नव्हता, त्याला भीती वाटत होती, आणि ती पहिल्यांदाच कुणासमोर लपवावी लागत नव्हती. मग तो म्हणाला, “म्हंजी मपल्या आधी त्या नाकाड्याला कळलं.” आणि हसला. रोहिणीला ते हसू बघवलं नाही.

पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, कागदावर गोल गोल काढायला लावलं, दोन तपासण्या केल्या आणि आजाराचं नाव सांगितलं. गार्गीने वर्णन केलेला तोच आजार निघाला. लवकर आलात, हे बरं केलंत, असंही त्या म्हणाल्या. गोळ्या होत्या, व्यायाम होते, बरीच चांगली वर्षं होती. सोपानने एकच प्रश्न विचारला, बावीस वर्षं औषधं मारली त्याने हे झालं का. बाईंनी सांगितलं की एका माणसाबद्दल तसं खात्रीने म्हणता येत नाही. पण त्यांनी ती बावीस वर्षं कागदावर लिहून घेतली.

परतीच्या वाटेवर एसटीत त्याने तिच्याकडून शब्द घेतला. गावात कुणाला कळता कामा नये. ज्यांच्या पोरांना आपण बांधणी शिकवली ते आपल्या हाताकडे बघून चुकचुकणार, हे त्याला सहन होणार नव्हतं. आज ना उद्या कळणारच, हे त्यालाही ठाऊक होतं. पण आपण सांगू तेव्हा, असं तो म्हणाला. रोहिणीने खिडकीबाहेर बघत शब्द दिला आणि गार्गीलाही कारण लिहू नको म्हणून कळवलं. चौकशीला तीन दिवस उरले होते, आणि ते दोघांनाही माहीत होतं.

चौकशी दुपारी होती, गटाच्या पॅकिंग शेडमध्ये. रिकाम्या क्रेटवर अठरा घरची माणसं बसली होती. शिक्का देणाऱ्या संस्थेचे तपासनीस वाळुंज आले होते, सौम्य बोलणारे आणि चष्मा सारखा पुसणारे गृहस्थ. कपडे, भांडी, पंप तपासायला त्यांच्याकडे हातात धरायचं एक नाकाडं होतं आणि त्याची नोंद शेडमधल्या भिंतीवरच्या पडद्यावर दिसत होती. सोपान मागे, दाराजवळ, हात बगलेत धरून उभा होता.

औटींच्या बांधाला लागून शेत असलेला अंकुश डोके पहिल्यांदा बोलला. तो सोपानचा लहानपणापासूनचा दोस्त, त्यामुळे त्याला जास्तच लागलं होतं. सहा वर्षं आम्ही वहिनींच्या शब्दावर चाललो, तो म्हणाला. डाग सोपानच्या वेळेला येतो आणि सोपानच्या ओळीत येतो, आम्हाला नकाशा वाचता येतो. आता एकट्याच्या पायी सतरा जणांचा माल अडकणार असेल तर निदान तोंडाने कबूल तरी करा. त्यात खोटं काहीच नव्हतं.

वाळुंजांनी विचारलं, डागाचं कारण कुणाला सांगता येईल का.

रोहिणी उभी राहिली. शेडमधला प्रत्येक माणूस तिला ओळखत होता. बियाण्याच्या पिशवीवरची बारीक अक्षरं वाचून दुकानदाराला धारेवर धरणारी ही बाई. ती म्हणाली, “औषध मी मारलं. सोपानरावांना त्यातलं काही माहीत नव्हतं. शिक्का माझ्या एकटीचा काढा, जमीन गटातून वगळा. बाकीच्यांचं थांबवू नका.”

वाळुंजांनी लिहायला घेतलं आणि विचारलं, कुठलं औषध. इथे रोहिणी अडली. सहा वर्षांत ती औषधांच्या दुकानाची पायरी चढली नव्हती. तिने जे आठवलं ते नाव सांगून टाकलं. वाळुंजांचं पेन थांबलं. ते औषध बंद होऊन बारा वर्षं झाली होती.

“घरात जुनं पडलं होतं,” रोहिणी म्हणाली. मान खाली होती आणि कान लाल झाले होते.

मागे दाराजवळ सोपानने हे सगळं ऐकलं. आपली बायको अठरा घरांसमोर स्वतःचं तोंड काळं करून घेते आहे आणि तेही इतक्या वाईट पद्धतीने, हे त्याने बघितलं. ज्या कामासाठी ती सहा वर्षं उन्हात भाजली होती, ते काम ती त्याच्या एका शब्दापायी सोडून देत होती. त्याने हात बगलेतून काढले आणि तो चालत पुढे आला.

टेबलावरचं नाकाडं त्याने उचललं. ते हातात धरताना टेबलावर दोनदा खडखडलं, आणि सगळ्यांनी तो आवाज ऐकला. मग त्याने ते स्वतःच्या मानेला लावलं. पडद्यावर काही क्षण काही आलं नाही. नंतर मधोमध एक राखाडी डाग उमटला आणि मोठा होत गेला.

“मपल्या बायकोला खोटं बोलायची सवय नाय, तुम्ही बघितलंच,” सोपान म्हणाला. “वास मपला हाये. आजार झालाय मला, हात थरथरतात. इतके दिवस लपवत व्हतो, ही चूक झाली. औषध मारलं असतं तर हिनं मला त्याच दिवशी घराबाहेर काढलं असतं.”

अंकुश डोके उठून उभा राहिला होता आणि उभं राहून काय करायचं ते त्याला सुचत नव्हतं. वाळुंजांनी चष्मा पुसला. ते म्हणाले, की डॉक्टरांचा कागद त्यांनी पाहिला म्हणजे त्यांच्यापुरतं काम झालं, शिक्क्याला धोका नाही. प्रश्न एवढाच, की कारणाच्या जागी काहीतरी लिहायलाच हवं, नाहीतर यंत्र उद्याही अनोळखीच म्हणेल. आजाराचं नाव मात्र ते सगळ्यांच्या फोनवर लिहिणार नव्हते.

“मपलं नाव लिहा,” सोपान म्हणाला. “हा वास आला म्हंजी सोपान औटी शेतात हाये, एवढंच.”

वाळुंजांनी तसं लिहिलं. पडद्यावरचा डाग राखाडी होता तो हिरवा झाला आणि त्याच्याखाली नाव आलं. शेडमध्ये अठरा फोन एकामागून एक वाजले. बायकांपैकी कुणीतरी पदराने डोळे पुसले. सोपानला नेमकी हीच भीती वाटत होती, पण ते घडून गेल्यावर त्याला वाटलं, एवढं काही अवघड गेलं नाही.

अंकुश जवळ आला. माफी मागणं त्याला जमण्यासारखं नव्हतं. तो म्हणाला, “तुझी बांधणी राहिली असंल अर्धी. सकाळी येतो मी.”

“ये,” सोपान म्हणाला. “पण फास मी सांगंल तसा टाकायचा. तुझ्या फासानं झाडं काचतात.”

घरी जायला ते दोघं कालव्याच्या कडेने निघाले. ऊन उतरलं होतं. मागून अंकुश आणि आणखी चार-सहा जण बोलत येत होते, पण मुद्दाम हळू चालत होते. सोपानने विचारलं, “खोटं कशापायी बोललीस?”

“तुम्हाला शब्द दिला होता.”

“अन् गट? सहा वर्षं तू त्याच्यापायी झिजलीस.”

“गट गेला असता,” रोहिणी म्हणाली. “दुसरा उभा केला असता. माणूस कुठून आणू?”

सोपानला कळलं, की गेले सहा महिने तो एकटा चालत होता आणि ते चालणं उगाच होतं. तो थांबला. तीही थांबली.

“कसा येतो गं तो?” त्याने विचारलं. “वास. तुला कधी आला का?”

रोहिणीने ते करून पाहिलं होतं. गेले काही दिवस त्याचे धुवायला टाकलेले सदरे, उशीचा अभ्रा, टॉवेल, सगळं तिने चोरून हुंगलं होतं. पण हे तिने त्याला सांगितलं नाही. कालव्याच्या त्या भर रस्त्यावर, मागून गाव येत असताना, ती त्याच्या जवळ सरकली, टाचा उंच केल्या आणि त्याच्या मानेशी नाक नेऊन तिने सावकाश श्वास घेतला.

“नाही येत,” ती म्हणाली.

“काहीच नाय?”

“येतो की. तुमचा येतो.”

मागची माणसं बोलायची थांबली होती. सोपानने मान बाजूला घेतली नाही.